चित्रतबकडीवरील ध्वनी : दोन वाहिन्या आणि सहा वाहिन्या

डीव्हीडी या नावाने जी चित्रतबकडी १९९६ च्या नोव्हेंबर महिन्यात जपानच्या बाजारात प्रथम दाखल झाली, तिच्या नियमग्रंथात एका चित्रपटासाठी आठ ध्वनिमार्गांची तरतूद करून ठेवलेली आहे; आणि ती तबकडी सिद्ध करणाऱ्या कारागिराला, ज्याच्या कामाला त्या व्यवसायात ‘ऑथरिंग’ म्हणतात, या आठांपैकी किती मार्ग वापरावयाचे व त्यांत काय भरावयाचे याचा विचार चित्र, उपशीर्षके आणि सूची यांच्या मांडणीइतकाच, किंबहुना माझ्या मते त्याहूनही अधिक काळजीने, करावा लागे. मूळ भाषेसाठी सामान्यतः दोन मार्ग राखले जात : एक सहा वाहिन्यांचा, ज्याला ‘सराउंड’ अथवा ‘५.१’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि दुसरा दोन वाहिन्यांचा, म्हणजे स्टिरिओ. पाहणाऱ्याला सूचीत दिसणारी ही दोन नावे मोठ्या इतिहासाचे शेवटचे टोक आहेत. तो इतिहास न्याहाळला असता असे आढळते, की त्यातील ज्या सुधारणा टिकल्या त्या बहुतेक सर्व, नव्या यंत्राच्या धन्याला अधिक काही देताना जुन्या यंत्राच्या धन्यास उपाशी न ठेवण्याच्या अटीवरच टिकल्या.

दोन कानांना दोन निरनिराळे ध्वनी पुरविले असता ऐकणाऱ्यास दिशेचा बोध होतो, ही गोष्ट १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् प्रदर्शनात सामान्य लोकांच्या प्रत्ययास आली. क्लेमाँ आदेर या फ्रेंच अभियंत्याने तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर पुढच्या दिव्यांच्या रांगेत दूरध्वनीचे प्रेषक डावीकडे व उजवीकडे मांडले, त्यांच्या तारा प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या, आणि तेथे प्रत्येक श्रोत्याच्या हाती दोन्ही कानांसाठी दोन स्वतंत्र श्रवणयंत्रे दिली. गायक या बाजूकडून त्या बाजूकडे सरकत असल्याचे श्रोत्यांना डोळ्यांनी न पाहताच कळू लागले. मात्र हा चमत्कार प्रदर्शनापुरता आणि थोड्या हौशी मंडळींपुरताच राहिला. त्याला शास्त्राची आणि कायद्याची बैठक मिळण्यास पुढे अर्धे शतक जावे लागले.

ती बैठक मिळवून दिली ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते. बोलपट नुकता कोठे स्थिरावत होता. पडद्याच्या एका टोकाशी उभे असलेले पात्र बोलू लागले तरी आवाज मात्र एकाच कर्ण्यातून, आपल्या ठरलेल्या जागेवरूनच येई. भावी पत्नीसमवेत असा एक बोलपट पाहत असताना ही विसंगती ब्लमलाइनला खटकली व तिच्यावर आपल्याला उपाय सापडला आहे असे तो तिला म्हणाला, अशी हकीकत सांगतात. हकीकतीचे काहीही असो, दस्तऐवज स्पष्ट आहे : १९३१ च्या डिसेंबरच्या १४ तारखेस त्याने पेटंटसाठी अर्ज गुदरला, आणि ३९४३२५ या क्रमांकाच्या त्या पेटंटात सत्तर कलमांच्या द्वारे त्याने दोन ध्वनिग्राहक कसे मांडावेत, तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वाहिन्या कशा कोराव्यात, आणि चित्रपटाच्या फितीवर दोन ध्वनिपट्ट्या कशा छापाव्यात, याचा संपूर्ण तपशील नोंदवून ठेवला. १९३४ च्या जानेवारीत अ‍ॅबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात सर टॉमस बीचम मोत्सार्टच्या सिंफनीचे संचालन करीत असता त्याने या पद्धतीने मुद्रण केले. १९३५ मध्ये हेज या स्थानकावरून ये-जा करणाऱ्या आगगाड्यांचा एक छोटा चित्रपट दोन वाहिन्यांच्या ध्वनीसह तयार केला. त्यानंतर हे काम मागे पडले. १९४२ च्या जूनच्या ७ तारखेस, विमानावर बसवावयाच्या रडार यंत्रणेची चाचणी चालू असताना झालेल्या अपघातात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी ब्लमलाइन मृत्यू पावला. आणि दोन वाहिन्यांच्या ज्या ध्वनिमुद्रिका १९५८ च्या सुमारास घरोघर जाऊ लागल्या, त्यांच्या खाचेची रचना मुळात त्याच्या पेटंटात होती, हे पाहण्यास तो उरला नव्हता. त्या रचनेत सुईची आडवी हालचाल ही दोन्ही वाहिन्यांची बेरीज असते आणि उभी हालचाल ही त्यांची वजाबाकी असते. त्यामुळे जुन्या एकवाहिनी तबकड्या नव्या यंत्रावर बिनतक्रार वाजत राहिल्या, आणि लोकांना आपला जुना संग्रह टाकून द्यावा लागला नाही.

चित्रपटगृहांत मात्र श्रीमंतीचा मार्ग आधी चोखाळला गेला. वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेजिआ’साठी १९४० मध्ये ‘फँटासाउंड’ नावाची यंत्रणा उभी राहिली; तिच्यात ध्वनीसाठी चित्राहून वेगळी अशी संपूर्ण फीत, तिच्यावर तीन ध्वनिपट्ट्या व चौथी नियंत्रणाची पट्टी होती, आणि संगीतसंचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की याच्या वाद्यवृंदाचा नाद प्रेक्षागृहात फिरविण्याचे सामर्थ्य होते; पण ती यंत्रणा बसविण्याचा खर्च मोजक्याच थिएटरांना झेपला. १९५३ मध्ये ‘द रोब’बरोबर आलेल्या सिनेमास्कोपने चार चुंबकीय पट्ट्या चित्राच्याच फितीवर आणल्या : डावी, मधली, उजवी आणि प्रेक्षकांच्या मागची. थिएटरमालकांनी खर्चाचे कारण पुढे करून कुरकुर केली, तेव्हा सिनेमास्कोप आणणाऱ्या कंपनीला चुंबकीय ध्वनीचा आपला आग्रह सोडावा लागला, आणि साध्या एकवाहिनी ध्वनीच्या प्रतीही पुरविण्याची पाळी तिच्यावर आली.

या पेचातून जो मार्ग निघाला त्याच्या कर्त्याचा भारताशी निकटचा संबंध आहे. रे डॉल्बी हा अमेरिकन तरुण अँपेक्स कंपनीत पहिल्या व्यवहारोपयोगी चित्रफीत-यंत्राच्या उभारणीत सहभागी झाला होता. पुढे केंब्रिजमध्ये पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवून तो युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून १९६३ पासून सुमारे दोन वर्षे भारतात, चंदीगड येथील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत, राहिला. ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याची जी युक्ती त्याच्या नावाने जगभर ओळखली जाते, तिचा विचार या भारतातील वास्तव्यातच परिपक्व झाला. १९६५ मध्ये त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा थाटली, आणि दहा वर्षांनी त्या प्रयोगशाळेने चित्रपटांसाठी ‘डॉल्बी स्टिरिओ’ पुढे आणला, ज्याचा डंका १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने सर्वत्र वाजविला.

ही पद्धत मला फार सुंदर वाटते, म्हणून तिचे थोडे विवरण करतो. फितीवर जुन्या एका ध्वनिपट्टीच्या जागेत दोन अरुंद पट्ट्या छापावयाच्या आणि त्या दोहोंत चार वाहिन्या बसवावयाच्या, असा हा प्रश्न होता. मधली वाहिनी तीन डेसिबलने उतरवून दोन्ही पट्ट्यांत सारखी मिसळली. मागची वाहिनी मात्र एका पट्टीत नव्वद अंश पुढे व दुसरीत नव्वद अंश मागे, म्हणजे परस्परविरुद्ध कलेत, मिसळली. ज्या थिएटरात उलगडा करणारे यंत्र होते तेथे चारही वाहिन्या पुन्हा वेगळ्या होत. जेथे केवळ दोन वाहिन्यांची सोय होती तेथे तीच फीत निर्मळ स्टिरिओ म्हणून वाजे. आणि जेथे एकच कर्णा होता तेथे दोन्ही पट्ट्यांची बेरीज होऊन मागची वाहिनी आपोआप विरून जाई व संवाद मात्र अबाधित राहत. या पद्धतीचा घरगुती परिणाम तिच्या कर्त्यांच्या अपेक्षेपलीकडचा ठरला. चित्रपटाची दोन वाहिन्यांची फीत जशीच्या तशी व्हिडिओ कॅसेटवर वा लेझर डिस्कवर उतरविली, की तिच्या पोटात दडलेली मागची वाहिनीही बरोबर येई. १९८२ मध्ये घरासाठी ‘डॉल्बी सराउंड’ उलगडायंत्रे निघाली आणि १९८७ मध्ये त्यांची सुधारलेली ‘प्रो लॉजिक’ आवृत्ती आली, तेव्हा लोकांना कळले की आपल्या कपाटातील जुन्या कॅसेटींत इतके दिवस सराउंड ध्वनी न ऐकता पडून आहे.

सहा वाहिन्यांची कल्पना याच सुमारास आकार घेत होती. सत्तर मिलिमीटरच्या फितीवर सहा चुंबकीय पट्ट्या असत. त्यांचा उपयोग १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाउ’मध्ये वॉल्टर मर्च व त्याचे सहकारी यांनी असा केला, की समोर तीन, मागे डावी-उजवी अशा दोन, आणि अतिमंद्र ध्वनीसाठी एक, अशी विभागणी सिद्ध झाली. १९८७ मध्ये अमेरिकेतील चित्रपट-अभियंत्यांच्या एका समितीत डिजिटल ध्वनीसाठी किती वाहिन्या असाव्यात याचा खल चालला असता टॉमलिन्सन होलमन याने ‘पाच दशांश एक’ हा आकडा सुचविला : पाच पूर्ण वाहिन्या, आणि केवळ मंद्र स्वर वाहणारी म्हणून एका वाहिनीच्या अल्पांशाने मोजलेली सहावी. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मध्ये या सहा वाहिन्या सांकेतिक ठिपक्यांच्या रूपाने फितीच्या दात्यांच्या भोकांमधल्या रिकाम्या जागेत छापल्या गेल्या, आणि जुनी ध्वनिपट्टी तिच्या जागी कायम ठेवण्यात आली, जेणेकरून ठिपके वाचता आले नाहीत तर यंत्राने क्षणात जुन्या पट्टीवर यावे. पुढल्या वर्षी ‘जुरासिक पार्क’बरोबर आलेल्या डीटीएस या पद्धतीने ध्वनी वेगळ्या तबकडीवर ठेवला व फितीवर फक्त काळाची खूण छापली; जुनी पट्टी तेथेही शाबूत राहिली.

घरगुती तबकडीवर सराउंड ध्वनी डिजिटल रूपात प्रथम आला तो लेझर डिस्कवर, १९९५ मध्ये. अमेरिकेत १९७८ च्या अखेरीस विक्रीस आलेल्या या मोठ्या तबकडीवर प्रथम दोन अ‍ॅनालॉग वाहिन्या होत्या, पुढे त्यांच्या जोडीला दोन डिजिटल वाहिन्या आल्या. आता सहा वाहिन्यांना जागा कोठून द्यावी, या प्रश्नाचा निकाल उजव्या अ‍ॅनालॉग वाहिनीचा बळी देऊन लावण्यात आला. डिजिटल स्टिरिओ वाजविणाऱ्या बहुसंख्य ग्राहकांचे काहीच बिघडले नाही. परंतु ज्यांची यंत्रे इतकी जुनी होती की त्यांना केवळ अ‍ॅनालॉग ध्वनी वाचता येई, त्यांच्या उजव्या स्पीकरमधून खरखर येऊ लागली. तंत्रज्ञांना यापेक्षा चांगली वाट उपलब्ध नव्हती हे मान्य करूनही, या इतिहासात जुन्या ग्राहकाला उघड तोशीस लागल्याचा हा प्रसंग आहे, असे म्हणणे भाग आहे.

१९९५ च्याच अखेरीस तोशिबा व तिचे सहकारी एका बाजूस आणि सोनी व फिलिप्स दुसऱ्या बाजूस, अशा दोन प्रतिस्पर्धी पक्षांत तह होऊन एकाच नव्या तबकडीचा मसुदा मुक्रर झाला. एका थराच्या तबकडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. दोन तासांच्या चित्रपटावर ही जागा सारखी वाटली तर दर सेकंदास सुमारे ५२ लाख बिट हाती येतात, आणि एवढ्यातच चित्र, ध्वनी, उपशीर्षके यांचा सगळा संसार उरकावयाचा असतो. सोळा बिटांच्या शुद्ध, न दाबलेल्या स्टिरिओला सेकंदास १५ लाख ३६ हजार बिट लागतात, म्हणजे जवळजवळ तीस टक्के. आणि तशाच शुद्ध सहा वाहिन्या ठेवावयाच्या म्हटले तर ४६ लाख बिट, ज्यानंतर चित्राला जागाच उरत नाही. म्हणून कानाला जे ऐकू येणारच नाही ते वगळून ध्वनी दाबण्याची विद्या येथे अपरिहार्य ठरली. डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीने सहा वाहिन्या सेकंदास ४ लाख ४८ हजार बिटांत बसत, म्हणजे मूळच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जागेत.

युरोपसाठी आरंभी निराळी पद्धत, एमपेग ध्वनीची, नेमून दिलेली होती. तिच्यात दोन वाहिन्यांचे मिश्रण ध्वनीच्या प्रवाहातच आधी बांधलेले असे व बाकीच्या वाहिन्या त्याला जोडून येत. साध्या यंत्राने पहिला भाग वाचावा, मोठ्या यंत्राने सर्व वाचावे, अशी तिची योजना होती. एसी-३ मध्ये तसे काही नव्हते. तेथे सहा वाहिन्याच साठविल्या जात, आणि त्यांच्यापासून दोन तयार करण्याची जबाबदारी प्रत्येक वाचनयंत्रावर टाकलेली होती. लवकरच युरोपातही डॉल्बीला मुभा मिळाली व एमपेगची बहुवाहिनी पद्धत मागे पडली. हेतू दोन्ही पक्षांचा एकच होता, की दोन स्पीकरांच्या घरातही तबकडी मुकी राहू नये.

मग यंत्रच सहाचे दोन करून देत असता स्वतंत्र स्टिरिओ मार्ग तबकडीवर ठेवण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्या काळी ऑथरिंगच्या प्रत्येक कार्यालयात निघे. आणि जे कारागीर खर्च व वेळ वाचविण्यासाठी तो मार्ग गाळीत, त्यांच्याशी माझा मतभेद आहे. यंत्र जे मिश्रण करते त्यात सहावी, मंद्र स्वरांची वाहिनी साफ वगळली जाते; मधली वाहिनी, जिच्यात बहुतेक सर्व संवाद असतो, साधारणतः तीन डेसिबलने उतरवून दोन्हीकडे वाटली जाते; आणि मागच्या वाहिन्यांतील गलबला पुढे येऊन त्याच संवादावर पसरतो. प्रसंग कोणता आहे हे यंत्राला कळत नाही. उलट मिश्रण करणाऱ्या ध्वनितज्ज्ञाने कान लावून बनविलेल्या स्टिरिओत कोठे पाऊस मागे सारावा, कोठे कुजबुज उचलावी, याचा विवेक केलेला असतो. संगीताच्या मैफलीच्या तबकडीत तर शुद्ध स्टिरिओ हाच मुख्य मार्ग मानावा असे मी म्हणेन. कारण ऐकणारा बहुधा दोन स्पीकरांसमोरच बसलेला असतो.

या कामाचे कच्चे साहित्य पुष्कळदा ‘डीए-८८’ नावाच्या आठपट्टी डिजिटल फितीवर येई : पहिल्या सहा पट्ट्यांवर सराउंड, शेवटच्या दोहोंवर स्टिरिओ. पहिला धोका क्रमाचा असे. चित्रपटवाले डावी, मधली, उजवी असा क्रम लावीत, तर संगणकाच्या धारिकेत डावी, उजवी, मधली असा क्रम असे. लक्ष चुकले की नायकाचा संवाद उजव्या कोपऱ्यातून येऊ लागे. दुसरा धोका पातळीचा असे. थिएटरात मागचे स्पीकर प्रत्येकी तीन डेसिबल खाली जुळविलेले असतात, घरी तसे नसतात. म्हणून मागच्या वाहिन्या तितक्याच उतरवून द्याव्या लागत. तिसरा धोका मला सर्वांत सूक्ष्म वाटतो : एसी-३ च्या प्रवाहात संवादाची सरासरी पातळी एका आकड्याने नोंदवावयाची असते, एकपासून एकतीसपर्यंत, आणि यंत्र त्या आकड्यावर विसंबून आवाज कमीजास्त करते. कारागिराने मोजमाप न करता आज्ञावलीतला तयार आकडा, बहुधा सत्तावीस, तसाच राहू दिला, की सराउंडवरून स्टिरिओवर येताच आवाज दचकवण्याइतका बदलतो. चौथा धोका काळाचा असे. दर सेकंदास चोवीस चौकटींचा चित्रपट युरोप वा भारताच्या पद्धतीने पंचवीस चौकटींनी चालविला, की तो चार टक्के वेगाने धावतो व गायकाचा स्वरही चढतो. अमेरिकेच्या पद्धतीत वेग सहस्रांशाने घटतो, आणि ध्वनी त्या मानाने लांबविला नाही तर तासाभरात ओठ आणि शब्द यांच्यात साडेतीन सेकंदांहून अधिक अंतर पडते. हे सर्व सांभाळून काम पार पाडणाऱ्यांची नावे तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच छापली गेली. २००१ पासून अ‍ॅपलच्या ‘डीव्हीडी स्टुडिओ प्रो’सारख्या आज्ञावलींबरोबर एसी-३ बनविण्याचे साधनही मिळू लागले, तेव्हा ही विद्या मोठ्या कार्यालयांतून लग्नसमारंभाचे चित्रण करणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोहोचली.

आपल्याकडे सराउंडची ओळख थिएटरांतूनच झाली. १९७५ च्या ‘शोले’च्या सत्तर मिलिमीटरच्या प्रतीवर सहापट्टी स्टिरिओ ध्वनी होता आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट पाच वर्षे चालला; १९९४ च्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने हिंदी चित्रपटात डॉल्बी स्टिरिओ आणला. घरोघर मात्र प्रथम व्हीसीडी गेली, जिच्यात सेकंदास २ लाख २४ हजार बिटांचा, दोन वाहिन्यांचा दाबलेला ध्वनी असे, त्याहून अधिक काही नाही. मोझर बेअर या कंपनीने पुढे डीव्हीडी चौतीस रुपयांना विकून बाजार हादरविला, आणि वेष्टनावरील ‘५.१’ ही अक्षरे सामान्य ग्राहकाच्याही परिचयाची झाली.

या अक्षरांच्या मोहाने एक अनिष्ट चाल पडली, जिच्याविषयी मला मनापासून लिहावयाचे आहे. जुन्या, मूळ एकवाहिनी चित्रपटांच्या ध्वनीला यांत्रिक उपायांनी सहा वाहिन्यांत फाकवून, प्रतिध्वनी मिसळून, तोच एक मार्ग तबकडीवर ठेवण्यास आरंभ झाला. २००४ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगीत करून प्रदर्शित झाला तेव्हा त्याचे संगीत नौशाद यांच्या देखरेखीखाली नव्याने वाजवून सहा वाहिन्यांत बांधले गेले; ते काम नवी आवृत्ती म्हणून उघडपणे झाले, आणि त्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो मूळ ध्वनी नाहीसा करण्याला. ‘संत तुकाराम’चा विचार करावा. १९३६ च्या त्या चित्रपटाच्या दोघा दिग्दर्शकांपैकी विष्णुपंत दामले हे स्वतः प्रभात या चित्रपटसंस्थेचे ध्वनिलेखक होते. विष्णुपंत पागनीस यांच्या गळ्यातून निघालेला अभंग टाळांच्या मानाने किती जवळ यावा, किती दूर राहावा, हे दामल्यांनी एकाच पट्टीवर, आपल्या कानाने ठरविलेले आहे. त्या एका पट्टीला सहा तोंडे फोडणे म्हणजे दामल्यांचा निर्णय फिरविणे होय.

ज्यांच्या हाती प्रभात आणि तिच्या समकालीन संस्थांच्या चित्रपटांचे हक्क वा प्रती आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की तबकडी असो अथवा उद्याचे आणखी कोणते साधन असो, नवा सराउंड मार्ग हवा तर खुशाल घालावा, परंतु त्याच्या शेजारी मूळ एकवाहिनी ध्वनी, खरखरीसह, स्वतंत्र मार्गाने ठेवावा व सूचीत त्याचे नाव स्वच्छ लिहावे. आठ मार्गांची मुभा आहे. त्यांपैकी एका मार्गाला दोन तासांच्या चित्रपटात सेकंदास १ लाख ९२ हजार बिटांच्या हिशेबाने सुमारे १७३ मेगाबाइट जागा लागते, आणि ती एका थराच्या तबकडीच्या शंभरात चार भागही होत नाही.